पांढर, पेव आणि पुराश्मयुग : प्राचीन जगाच्या अभ्यासाची मराठी परिभाषा



परभणी जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी अजूनही ऐकू येते. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत काळ्याभोर शिवाराच्या मध्येच एखादे फिकट, राखाडी रंगाचे टेकाड दिसते. पावसाने त्यावर ओघळी पडलेल्या असतात आणि ओघळींमध्ये खापरांचे तुकडे उघडे पडलेले असतात. गाव केव्हाच उठून दुसरीकडे गेलेले असते. जागेचे नाव मात्र ‘पांढर’ असेच राहते.

ही माती पांढरट का होते? माणसे एका जागी शेकडो वर्षे राहिली, की चुलीतली राख, जनावरांचे शेण, कोसळलेल्या मातीच्या भिंती, हाडे, चुना असे सारे तेथेच साचत जाते. पडक्या घराच्या जागेवर नवे घर उभे राहते. हळूहळू वस्तीची जमीन शिवारापेक्षा उंच होते आणि तिचा रंग पालटतो. मराठी शेतकऱ्याने हा फरक पाहिला, त्याला नाव दिले आणि ते नाव गावगाड्याच्या व्यवहारात रूढ झाले. पुढे महाराष्ट्रात शास्त्रीय उत्खनने सुरू झाली, तेव्हा प्राचीन वस्तीच्या टेकाडासाठी मराठी शब्द घडवत बसण्याची गरज पडली नाही. ‘पांढरीचे टेकाड’ हा शब्द अभ्यासकांना तयारच मिळाला.

मला या लेखात जे मत मांडायचे आहे, त्याचे बीज या एका शब्दात आहे. प्राचीन आणि प्रागैतिहासिक जगाचा अभ्यास मराठीतून करायचा असेल, तर त्याची परिभाषा कोशकाराच्या मेजावर जशी घडते तशीच ती शिवारात, माजघरात आणि कुंभाराच्या आव्याजवळही घडली पाहिजे. हे दुसरे काम तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांवाचून होणार नाही. जे शब्द विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडत नाहीत, ते तुमच्या घरी अजून बोलले जातात.

परिभाषा म्हणजे काय?

परिभाषा म्हणजे अवघड शब्दांची यादी, असा एक समज आहे. तो खरा नाही. जो शब्द वापरताना बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात नेमकी एकच गोष्ट उभी राहते, तो पारिभाषिक शब्द होय. तो सोपा असेल किंवा कठीण असेल. त्याचा अर्थ बांधलेला असला पाहिजे, एवढीच अट आहे.

या बाबतीत परभणीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शेतीशास्त्रातील कितीतरी मराठी संज्ञा शेतकऱ्यांच्याच तोंडच्या आहेत. मुरूम, चोपण, भरड, वाफसा हे त्यांपैकी काही शब्द. पावसानंतर जमीन अशा स्थितीला येते की ती पायाला चिकटत नाही आणि कोरडीही नसते. औत घालायला ती नेमकी योग्य असते. या स्थितीला ‘वाफसा’ म्हणतात. ‘वाफसा येताच पेरणी करावी’ असा सल्ला छापला जातो तेव्हा तो वाचणाऱ्याला शब्दकोश उघडावा लागत नाही, आणि शास्त्रालाही त्यात काही उणे वाटत नाही. बोलीतील शब्दाला शास्त्राने स्वीकारले आणि त्याचा अर्थ स्थिर केला. शेतीत जे साधले ते पुरातत्त्वात का साधू नये?

घरातील वस्तू, शास्त्रातील संज्ञा

एक उदाहरण घेऊ. धान्य बारीक करण्याची दोन साधने आपल्या घरांत होती. एक पाटा-वरवंटा आणि दुसरे जाते. पाट्यावर वरवंटा पुढेमागे सरकतो. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती गोल फिरते. इंग्रजीत या दोन्हींसाठी मूळ शब्द एकच असून त्याला विशेषणे जोडून फरक सांगावा लागतो. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. हा फरक पुरातत्त्वात फार मोलाचा आहे. पुढेमागे सरकणाऱ्या दगडावर वाटण्याची रीत अतिशय प्राचीन आहे. आपल्याकडील ताम्रपाषाणकालीन वस्त्यांत असे दगड मिळतात. गोल फिरणारे जाते मात्र महाराष्ट्रात त्यामानाने बऱ्याच उशिरा, सातवाहनकाळाच्या सुमारास दिसू लागते. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया यांनी भारतातील जात्यांवर स्वतंत्र लेखन केले, ते याच कारणाने. म्हणून एखाद्या मराठी लेखात ताम्रपाषाणकालीन वस्तीत ‘जाते सापडले’ असे वाचले, तर तुम्ही थांबून विचारले पाहिजे : ते जाते होते की पाटा होता? एका शब्दाच्या चुकीने हजार-बाराशे वर्षांचा घोटाळा होऊ शकतो.

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. दळणकांडणाची आठवण तिच्या नावाशी कायमची जोडलेली आहे. ज्या जिल्ह्यात जाते हा भक्तीचाही विषय झाला, तेथील विद्यार्थ्याला हा फरक पाठ करावा लागणार नाही. त्याला तो आधीपासूनच ठाऊक असतो. शास्त्रात त्याचे महत्त्व किती, एवढेच त्याला सांगायचे असते.

दुसरा शब्द ‘पेव’. जमिनीत खणलेली, आतून लिंपलेली धान्याची खोल साठवणजागा म्हणजे पेव. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पेव पाहिलेली माणसे मात्र कमी होत चालली आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ पासून पुढे अनेक वर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती होती. तेथे जळालेले धान्य, धान्य साठवण्याच्या जागा, चुली, घरांच्या भुया असे पुष्कळ मिळाले. अशा ठिकाणच्या अहवालात ‘साठवणीचा खड्डा’ असे लिहिले, तर वाचकाला नुसता खड्डा दिसतो. ‘पेव’ म्हटले की त्याचे निमुळते तोंड, लिंपलेल्या भिंती, वर घातलेले झाकण आणि वर्षभराची बेगमी हे सगळे डोळ्यांसमोर येते.

पेवाचा आणखी एक धडा आहे. उत्खननाचा पहिला नियम असा, की खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा. पण समजा, वरून तिसऱ्या थराच्या काळातील माणसाने पेव खणले आणि ते पाचव्या थरात उतरले. त्या पेवातले धान्य खोलीने पाचव्या थरात आहे. काळाने मात्र ते तिसऱ्या थराचे आहे. नुसती खोली मोजणारा येथे फसतो. थरांचा परस्परसंबंध लावण्याच्या या शास्त्राला ‘स्तरविन्यास’ म्हणतात. शब्द संस्कृत घडणीचा आहे, तरी ज्याने पेव खणताना पाहिले आहे त्याला त्यामागची कल्पना क्षणात उमजते.

संस्कृत घडणीच्या शब्दांचे बळ आणि त्यांतील खाचखळगे

माझे म्हणणे असे नाही, की सारी परिभाषा बोलीतूनच यावी. काही कल्पना रोजच्या जगण्यात नव्हत्याच. त्यांसाठी शब्द घडवावेच लागतात. कोपनहेगनच्या संग्रहालयातील थॉमसन यांनी वस्तूंची मांडणी पाषाण, कांस्य आणि लोह अशा तीन युगांत केली आणि १८३६ मध्ये ती पद्धत छापून प्रसिद्ध झाली. पुढे १८६५ साली लबक यांनी पाषाणयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग पाडले. त्यासाठी त्यांनी ग्रीक धातूंपासून शब्द बनवले. आपण तेच काम संस्कृतातून केले : पुरा, अश्म आणि युग मिळून ‘पुराश्मयुग’, तसेच मध्याश्मयुग आणि नवाश्मयुग. तांबे आणि दगड दोन्ही वापरणारा काळ तो ‘ताम्रपाषाणयुग’. इंग्रजी वाचकाला ग्रीक येत नसते, त्यामुळे त्याला मूळ शब्द घोकावा लागतो. मराठी वाचकाला ‘अश्म’ म्हणजे दगड हे एकदा कळले, की पुराश्म, नवाश्म, जीवाश्म, अश्मीभूत ही सगळी मालिका उलगडते. हे आपल्या परिभाषेचे मोठे बळ आहे.

परंतु या शब्दांत खाचखळगेही आहेत. ते ठाऊक नसतील तर शब्द येतो आणि अर्थ निसटतो. चार ठिकाणे दाखवतो.

पहिला शब्द ‘युग’. आपल्या मनात कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही युगे रुजलेली आहेत. ती ठराविक लांबीची आणि साऱ्या जगाला एकदम लागू होणारी अशी कल्पना आहे. पाषाणयुग तसे नव्हे. एका खोऱ्यात माणसे तांबे वापरत असताना शेजारच्या डोंगरात दगडी हत्यारांवर जगणारी माणसे असू शकतात. येथे ‘युग’ म्हणजे जगण्याची आणि साधने घडवण्याची एक रीत. दिनदर्शिकेवरची तारीख नव्हे.

दुसरा शब्द ‘संस्कृती’. व्यवहारात आपण तो सुसंस्कृतपणा, कला, आचार अशा अर्थाने वापरतो. ‘जोर्वे संस्कृती’ असे म्हणताना अर्थ वेगळा असतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन झाले. लाल रंगाची, काळ्या रेषांची नक्षी असलेली, चांगली भाजलेली आणि वाजवल्यास खणखणणारी भांडी तेथे मिळाली. तोटीची भांडी हे त्यांचे एक वैशिष्ट्य. अशीच भांडी, तशीच घरे आणि तशीच दफनाची पद्धत महाराष्ट्रात इतरत्रही आढळू लागली, तेव्हा या वारंवार एकत्र सापडणाऱ्या वस्तुसमूहाला पहिल्या गावाचे नाव देण्यात आले. पुरातत्त्वातील ‘संस्कृती’ ती ही. तिचा गौरवाशी किंवा अभिमानाशी संबंध नाही. हे विसरले, की ‘आमची संस्कृती जुनी की तुमची’ असले निरर्थक वाद सुरू होतात.

तिसरा शब्द ‘हातकुऱ्हाड’. १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार मिळाले आणि भारतातील प्रागितिहासाच्या अभ्यासाला चालना मिळाली. अशा हत्याराला आपण हातकुऱ्हाड म्हणतो. कुऱ्हाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दांडा येतो. या हत्याराला दांडा नसतो. ते मुठीत धरून वापरायचे. शब्द रूढ झाला आहे, तो बदलण्याची आवश्यकता नाही. मात्र शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी दांडा काढून टाकला पाहिजे.

चौथा शब्द ‘अर्धायुष्य’. विलर्ड लिबी यांना कार्बन-१४ कालमापनाच्या पद्धतीबद्दल १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सजीव मेला की त्याच्या शरीरातील कार्बन-१४ घटत जातो. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे. पुष्कळ विद्यार्थी यावरून असे धरतात, की अर्धे आयुष्य ५,७३० म्हणजे पूर्ण आयुष्य ११,४६० वर्षे, आणि त्यानंतर काही उरत नाही. तसे होत नाही. आरंभी आठ भाग असतील तर ५,७३० वर्षांनी चार उरतात, तेवढ्याच आणखी वर्षांनी दोन, नंतर एक. सुमारे ५० हजार वर्षांनंतर उरलेला अंश इतका अल्प असतो की या पद्धतीने मोजमाप करणे कठीण होते. शिवाय जे कधी जिवंत होते त्याचेच वय असे काढता येते : कोळसा, धान्य, हाड. दगडी हत्याराचे वय कार्बनवरून थेट निघत नाही; त्याच थरातील कोळशावरून ते अनुमानाने ठरते.

शब्दात काळ दडवू नये

जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. अशा कोणत्याही जुन्या दगडी मंदिरासमोर उभे राहिले, की आपण सहज म्हणतो, ‘हे हेमाडपंती आहे.’ हेमाद्री हा तेराव्या शतकातील, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. चुन्यावाचून रचलेल्या साऱ्या दगडी मंदिरांना त्याचे नाव चिकटले. मुंबईजवळच्या अंबरनाथ मंदिरालाही लोक हेमाडपंती म्हणतात. ते मंदिर १०६० सालचे आहे, म्हणजे हेमाद्रीच्या कितीतरी आधीचे. येथे शब्दाने वाचकाला न सांगताच एक कालनिर्णय करून टाकला आणि तो चुकला. म्हणून चारठाण्याविषयी लिहिताना ‘चुन्याविना रचलेले दगडी मंदिर’ असे रचनेचे वर्णन आधी करावे आणि काळ स्वतंत्र पुराव्याने ठरवावा. लोकांनी हेमाडपंती म्हणू नये, असा हट्ट मी धरणार नाही. अभ्यासकाने मात्र तो शब्द निष्कर्ष म्हणून वापरू नये. बोलीतला प्रत्येक शब्द शास्त्राला चालतो असे नाही, हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम हे उदाहरण घेतले.

अंकांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रचंड थर पसरले त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. इंग्रजीतील ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख. घाईत भाषांतर करणारा ‘६६ मिलियन’चे ६६ लाख करून बसतो आणि काळ एकदशांशावर येतो. तसेच काही लेखनात ‘आजपासून इतक्या वर्षांपूर्वी’ असे मोजलेले असते. कार्बन कालमापनात हा ‘आज’ म्हणजे १९५० हे वर्ष, असा संकेत आहे. इसवी सनपूर्व काळ आणि हा ‘आजपूर्व’ काळ यांत जवळजवळ दोन हजार वर्षांचा फरक पडतो. परीक्षेत गुण गेले तर ते पुढच्या वेळी मिळवता येतात. पण पुस्तकात शिरलेली अशी चूक पिढ्यान्‌पिढ्या नकलली जाते.

दोन आक्षेप

माझ्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की या विषयातील संशोधन इंग्रजीत होते. मग मराठी शब्दांचा खटाटोप कशाला? इंग्रजी शिकलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु ज्या टेकाडाचा अभ्यास करायचा ते टेकाड मराठी बोलणाऱ्या गावात असते. उत्खननात खणणारे हात गावचे असतात. टेकाड राखायचे की नांगरायचे, हे ठरवणारी ग्रामसभा मराठीत बोलते. म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकाने ‘पुरातत्त्वविद्या’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले, ते याच जाणिवेने. शास्त्र लोकांच्या भाषेत आले नाही, तर शास्त्राचे फारसे बिघडत नाही. ज्या पुराव्यावर ते उभे आहे तो पुरावा मात्र राखला जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोलीतील शब्द ठिकाणागणिक बदलतात आणि त्यांचे अर्थ सैल असतात. ‘पांढर’ हा शब्द नांदत्या गावालाही लागतो आणि उजाड टेकाडालाही. काही ठिकाणी गढी आणि पांढर यांची सरमिसळ होते. ‘गारगोटी’ या एका शब्दाखाली लोक अनेक प्रकारचे कठीण दगड घालतात. सूक्ष्मास्त्रे घडवणारा प्राचीन माणूस मात्र त्यांत निवड करत असे. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यावरचा उपाय शब्द टाकून देणे हा नव्हे. त्याला व्याख्या देणे, हवे तेथे विशेषण जोडणे आणि एका लेखनात तो एकाच अर्थाने वापरणे, हा उपाय आहे. ‘उजाड पांढर’ आणि ‘नांदती पांढर’ एवढे दोन शब्द केले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

म्हणून मी एक साधा क्रम सुचवतो. ज्या वस्तूला किंवा जागेला लोकांत नेमका शब्द आहे, तेथे तो घ्यावा : पांढर, पेव, कणगी, पाटा, खापर, थर. जी कल्पना नवी आहे, तिच्यासाठी ज्याचे सांधे वाचकाला दिसतील असा शब्द घडवावा : पुराश्म, जीवाश्म, स्तरविन्यास. आणि जो शब्द जगभर एकच आहे, तो देवनागरीत तसाच ठेवावा : कार्बन, बेसाल्ट. या तिन्हींपैकी कोणताही एकच मार्ग धरून चालणारी परिभाषा एकतर अपुरी पडेल किंवा अनाकलनीय होईल.

शब्दाबरोबर पुरावाही जातो

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांवर पांढरी माती टाकण्याची रीत जुनी आहे. ती पाणी सहज आत झिरपू देत नाही. पांढरीची माती शेतात टाकली तर पीक चांगले येते, हेही शेतकऱ्याला ठाऊक आहे. जोवर ही माती टोपल्याने आणि बैलगाडीने जात होती, तोवर टेकाड हळूहळू झिजत होते. यंत्राने खोदायचे ठरवले तर तेच टेकाड काही दिवसांत सपाट होऊ शकते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. माती नेणाऱ्याला ती केवळ माती दिसते. दुसरीकडे ‘गुप्तधन’ या शब्दाने भारलेली माणसे टेकाडे पोखरतात. ती सोने शोधतात आणि खापरे फेकून देतात. वास्तविक त्या जागेचा काळ सांगण्याची शक्यता त्या खापरांतच असते. एकाला माती दिसते, दुसऱ्याला धन दिसते. ‘पुरावा’ हा शब्द दोघांच्याही मनात नसतो.

मूल्यवान वस्तू जमिनीत पुरलेली सापडली तर काय करावे, यासाठी १८७८ पासून भारतीय निखात निधी अधिनियम आहे. ‘निखात’ म्हणजे पुरलेला. दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावस्तूंसाठी १९७२ चा स्वतंत्र कायदाही आहे. परंतु ‘निखात निधी’ हा शब्द किती शेतकऱ्यांना समजतो? कायद्याचा शब्द लोकांपर्यंत पोहोचला नाही, म्हणजे कायदाही पोहोचला नाही. परिभाषेचा प्रश्न केवळ पंडितांचा नाही, तो असा.

गोदावरीच्या खोऱ्याला या अभ्यासात जुने स्थान आहे. पैठणजवळ मुंगी येथे नदीच्या गाळात अकीकाचा मानवनिर्मित छिलका मिळाल्याची नोंद १८६५ ची आहे. प्रवरेकाठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात सांकळियांनी उत्खनन केले. प्रवरा गोदावरीला मिळते आणि ज्या पाण्याने जोर्वे आणि नेवासे पाहिले, तेच पाणी गंगाखेडच्या घाटावरून पुढे वाहते. परभणी जिल्ह्यातील माणूस या नदीला ‘गंगा’ म्हणतो. तिच्या काठच्या दगडगोट्यांत आणि पांढरींत काय दडले आहे, हे पाहण्यासाठी आधी डोळ्याला शब्द मिळाले पाहिजेत.

तुमच्याकडून अपेक्षा

तुम्ही नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडता. वयाने मोठे होऊन शिकायला बसलो, याचा तुमच्यापैकी काहींना संकोच वाटत असेल. या विषयापुरता तरी तो बाजूला ठेवा. विशीतल्या विद्यार्थ्याने पेव पाहिलेले नसते, कणगी लिंपलेली नसते, माळवदावर चढून पांढरी माती चोपलेली नसते. तुम्ही यांतले काही केलेले असते, किंवा आईला आणि आजीला ते करताना पाहिलेले असते. परिभाषा घडवणाऱ्याला जे ज्ञान विकत मिळत नाही, ते तुमच्या हातांत आहे.

एक वही घाला. आपल्या गावच्या शिवारातील जागांची नावे लिहा : पांढर कोठे आहे, जुने गावठाण कोणते, कोणत्या वावराला कोणते नाव आहे. मातीची भांडी, धान्याच्या साठवणीची साधने, दळण्याकांडण्याचे दगड, घराच्या बांधणीचे भाग यांचे शब्द वडीलधाऱ्यांना विचारा. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहा आणि तो शब्द कोणत्या गावात ऐकला तेही लिहा. पांढरीवर गेलात तर तेथील काही उचलू नका, खणू नका. पाहा, जागा नोंदवा आणि माती कोणी नेत असेल तर ग्रामसभेत हा विषय काढा. त्या वेळी ‘प्राचीन वसाहतीचा स्तरयुक्त निक्षेप’ असे बोलू नका. ‘ही आपल्या आधी येथे नांदलेल्या माणसांची पांढर आहे, हिच्या थराथरांत त्यांचा हिशेब लिहिला आहे’, असे म्हणा. ऐकणारे समजतील, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते वाक्य अचूक असेल.